आधी फरशी ओळखा, मग लिंबू पिळा: घरगुती साफसफाईचा बेळगावी मार्गदर्शक

अनगोळच्या आमच्या घरात सोप्याच्या उंबऱ्याजवळ शहाबादी फरशीवर ताटलीएवढा एक पांढुरका डाग आहे. त्यावर पायपुसणं टाकून ठेवलंय. हा डाग लिंबाचा आहे आणि तो मीच पाडलाय. घरातली सगळी 'केमिकलं' बाहेर काढायची असं एका उन्हाळ्यात डोक्यात बसलं होतं. तेल सांडलं तिथं मोठ्या हौसेनं लिंबू पिळलं, वर व्हिनेगर ओतलं आणि 'भिजू दे थोडं' म्हणून जेवायला बसले. जेवून येते तो फरशीची चकाकी गेलेली. फरशीवाल्याला दाखवलं तर म्हणाला, "वैनी, दगड खाल्लाय लिंबानं. पॉलिश मारून घ्या, दुसरा इलाज नाही की."

शहाबादी हा चुनखडीचा दगड. कडप्पा आणि कोटाही त्याच जातीचे. आंबट पदार्थ लागला की चुना विरघळतो, मग तो आंबटपणा कारखान्यातल्या बाटलीतून येवो की परसातल्या लिंबातून. तेव्हापासून 'हे नैसर्गिक आहे का?' हा प्रश्न मी मागं टाकला. आधी दोनच गोष्टी बघते: घाण कसली आहे आणि ती कशावर बसली आहे. खालचं सगळं या दोन प्रश्नांवर चालतं.

मोरीतली फळी आधी रिकामी करा

नवीन काही आणण्याआधी एका सकाळी मोरीतल्या, संडासातल्या आणि ओट्याखालच्या सगळ्या बाटल्या अंगणात मांडा. आमच्याकडं अकरा निघाल्या होत्या, त्यातल्या तीन फिनेलच्याच. त्यांचे तीन ढीग करा.

पहिल्या ढिगात संडासाचं ॲसिड, तुंबलेलं मोकळं करायची कॉस्टिकची पूड आणि कपाटातल्या डांबरगोळ्या. यांना घरातून कायमची सुट्टी द्यायची. संडासाच्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि त्याची वाफ छातीत जाते. सुटं ॲसिड तर आणूच नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी कुठं ना कुठं साध्या पाण्याच्या बाटलीत भरून ते मिळतंच, आणि तीच बाटली तहानलेलं पोर तोंडाला लावतं. डांबरगोळ्या म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला नॅफ्थलीनमध्ये ठेवलेलं दुपटं गुंडाळलं, तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बाळाला ती कमतरता आहे की नाही हे आपल्याला बघून कळत नाही. म्हणून बाळंतिणीच्या कपाटात वेखंड आणि कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला ठेवावा.

दुसऱ्या ढिगात फक्त ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याची एक बाटली घरात ठेवायची. का, ते शेवटी सांगते.

तिसऱ्या ढिगात बाकीचं सगळं: फिनेल, काच पुसायचं निळं पाणी, टाइलचं वेगळं, ओट्याचं वेगळं. हे वापरून संपवा आणि पुन्हा आणू नका. सगळं एकदम मोरीत ओतून मोकळं होऊ नका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी गणपतीच्या आधीच्या साफसफाईत संडासात ॲसिड टाकलं, तेवढ्यानं डाग हलेना म्हणून त्यावर ब्लीच ओतलं. दार लावलेलं होतं. खोकत, डोळ्यांतून पाणी काढत बाहेर आल्या आणि दोन दिवस घसा धरून बसल्या. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर आणि लिंबूसुद्धा ॲसिडच, हे विसरू नका. ब्लीच आणि अमोनिया एकत्र झाले तरी विषारी वायू सुटतो, आणि काच पुसायच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. ब्लीच फक्त पाण्यात मिसळायचं.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. बाटलीवरची सूचना कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत असते. आमच्या सासूबाईंना यातलं एकही धड वाचता येत नाही. मी प्रत्येक बाटलीवर जाड मार्करनं मराठीत लिहून टाकलंय: 'संडास', 'पिऊ नको', 'ब्लीच, कशात मिसळू नको'. एवढं करूनही कुणी काही प्यायलंच तर उलटी करवू नका. जाताना घसा भाजलेला असतो, येताना पुन्हा भाजतो. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या.

पाणी कुठलं, फरशी कुठली

बेळगावात नळाला राकसकोपच्या किंवा हिडकलच्या धरणाचं पाणी येतं, पण कितीतरी घरं बोअरवर आहेत, आणि बरीच नळ आला की नळाचं, नाहीतर बोअरचं अशी दोन्ही वापरतात. साफसफाईच्या दृष्टीनं ही दोन वेगळी पाणी आहेत. एक झाकणाची बाटली अर्धी भरा, त्यात साध्या साबणाचा चुरा चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. फेस टिकला तर पाणी हलकं. फेस बसून वर पांढरट साय धरली तर पाणी जड, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. जड पाण्यात साबण वाया जातो, नळाच्या तोंडाला पांढरे थर बसतात आणि आपण दोष साबणाला देतो.

फरशीचीही अशीच परीक्षा. कोपऱ्यात, कपाटाखाली, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पाच मिनिटांनी पुसल्यावर डाग राहिला, तर त्या फरशीला आंबट काहीच चालणार नाही. संगमरवर, शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे त्यात आले. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्स टिकतात. फक्त सांध्यातल्या सिमेंटवर आंबट पाणी साचू द्यायचं नाही.

काय आणायचं

रविवार पेठेत किंवा कुठल्याही जुन्या किराणा दुकानात हे सगळं एका फेरीत मिळतं: रिठे, चिंच, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, व्हिनेगरची एक बाटली आणि नारळाच्या शेंड्या घरच्याच. दुकानदार कन्नड असेल तर रिठ्याला 'अंटवाळकाई' म्हणा, लगेच पुडी बांधेल. रिठे हलवून घ्या. आत बी खुळखुळत असेल तर चांगले वाळलेत. कूट केलेला रिठा घेऊ नका, त्यात काय काय असतं ते देव जाणे.

आता एक गंमत सांगते. दुकानातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा 'सिंथेटिक' असतं, बाटलीवर तसं छापलेलंही असतं. ॲसेटिक ॲसिड पाण्यात पातळ केलेलं. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातून येत नाही. मळी किंवा साखरेवर एक काळी बुरशी वाढवून ते कारखान्यात करतात. सोडाही कारखान्यातलाच. म्हणजे ज्यांना 'नैसर्गिक' म्हणून आपण घरात घेतो ती निम्मी केमिकलंच आहेत. फक्त ती साधी, ओळखीची, एका वेळी एकच काम करणारी आहेत, आणि मला तेवढं पुरतं.

रोजची भांडी

यात सगळ्यात जास्त साबण जातो, म्हणून यावर वेळ घालवा.

पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा. टरफलं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा. बारीक आच ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडीच आधी धुवावी लागते. निवल्यावर हातानं चांगलं कुस्करा आणि पंच्यातून गाळा. चहाच्या रंगाचं, थोडं आंबूस वासाचं पाणी निघतं. रिठ्यातलं सॅपोनिन तेल आणि पाणी यांची गाठ घालून देतं, साबणही तेच करतो. बाहेर हे पाणी दोन-तीन दिवसांत फसफसतं, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. एका वेळी जास्त करू नका. डोळ्यांत गेलं तर बेक्कार झोंबतं.

याच्याकडून पांढऱ्याशुभ्र फेसाची अपेक्षा ठेवू नका. भात-आमटीची ताटं, चहाची भांडी, डबे यांना हे छान. पण मटणाच्या पातेल्यापुढं रिठा हात टेकतो. तिथं आधी पातेलं शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं नाहीतर कागदानं निपटून घ्या. चरबी मोरीत गेली की नळी तुंबते आणि मग त्या कॉस्टिकच्या पुडीची आठवण येते. निपटून झालं की गरम पाणी आणि एक चमचा धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं ठेवा. हात मऊ राहायला हवे असतील तर हातमोजे घाला, हा सोडा बराच तिखट असतो.

खानापूर भागात अजून बंब आणि चुलवाण पेटतं, तिथल्या लोकांनी राखेला नावं ठेवू नयेत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते तेलकटाला धरून भांड्यातल्या भांड्यात थोडा साबणच करतं. भाताच्या तुसाची राख आणखी खरखरीत, कारण तिच्यात सिलिका भरपूर. राख चाळून घ्या. चुलीत प्लॅस्टिक, रंगवलेली फळी किंवा कचरा जाळला असेल तर ती राख भांड्याला लावू नका. नॉनस्टिकला कधीच नको, चकचकीत स्टीललाही बारीक ओरखडे येतात. माझ्या माहेरी लोखंडी तवा, कढई आणि आतून-बाहेरून काळी झालेली जाड पातेली एवढ्यापुरतीच राख असते, नारळाच्या शेंडीनं घासायची.

ॲल्युमिनियम मात्र वेगळं आहे. राख, सोडा, दोन्ही त्याला काळं करतात. कुकर आतून काळवंडला असेल तर पिळलेल्या लिंबाच्या साली किंवा चिंचेचं बुटुक टाकून पाणी उकळा, उजळतो.

तांबं-पितळ

समई, निरांजन, तांब्या, घागर यांच्यासाठी बाजारची पूड आणायची गरज मला कधी पडली नाही. लिंबाएवढी चिंच भिजवा, चिमूट-दोन चिमूट मीठ घाला आणि अंगठ्यानं चोळा. काळपट थर म्हणजे धातूचं ऑक्साइड, चिंचेतलं टार्टारिक ॲसिड ते सोडवतं. मीठ त्याला हात देतं. सोलकढी केल्यावर आमसुलाचा चोथा उरतो, तोही फेकू नका. गोव्याच्या बाजूनं आमसुलं आपल्याकडं भरपूर येतात, आणि त्या चोथ्यानं घागर अशी निघते की सासूबाई चिंचेला हातच लावत नाहीत.

दोन चुका टाळा. चिंच लावून भांडं तासभर ठेवून देऊ नका. पितळ आंबटात फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि भांडं तांबूस दिसायला लागतं. दोन-तीन मिनिटं चोळा, भरपूर पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडं पुसा. न पुसता उन्हात ठेवलं तर पाण्याचे ठिपके उमटतात, परत पहिल्यापासून. दुसरं, कल्हई केलेल्या पातेल्याला आतून आंबट आणि राख दोन्ही नको. कल्हई म्हणजे कथिलाचा कागदाहून पातळ थर, तो आपणच खरवडून काढतो आणि कल्हईवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. आत रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

नळ, किटली, संडास

इथं घाण बहुधा क्षारांची, म्हणून इथं आंबटच पाहिजे. पेलाभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा. त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि अर्ध्या तासानं काढा. जुना थर असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. पाणी तापवायच्या विजेच्या किटलीत लिटरला एक चमचा घालून उकळा, थोडं ठेवा आणि दोनदा विसळा.

संडासात रात्री झोपताना आतलं पाणी ब्रशनं मागं ढकला, पिवळ्या थरावर तीन-चार चमचे लिंबूसत्त्व पसरा आणि सकाळी घासा. पहिल्या दिवशी ॲसिडसारखा चमत्कार दिसणार नाही. आठवड्यातून एकदा करत राहिलात तर थर बसायचाच थांबतो. शेजारची फरशी शहाबादी असेल तर आधी तिच्यावर भरपूर साधं पाणी ओता, शिंतोडे उडतातच.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. एक आंबट, एक खारं, दोघांनी एकमेकांना मारलं की मागं उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्यात ना आंबटाची ताकद ना खाऱ्याची. तेलकटाला सोडा लावा, क्षाराला आंबट लावा, वेगवेगळे.

धुणं आणि शहापुरी साडी

रोजच्या धुण्यात मी रिठ्याची फार बढाई मारणार नाही. मळकी कॉलर, शाळेचा गणवेश, शेतातून आलेले कपडे यांना साबण लागतोच. पावडर मात्र निम्मी करून बघा. पुड्यावर सांगितलेलं माप बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त होतं. बोअरचं पाणी असेल तर बादलीत आधी एक चमचा धुण्याचा सोडा टाका. तो पाण्यातलं कॅल्शियम खाली बसवतो आणि कमी साबणात फेस येतो.

रिठ्याचं खरं काम रेशीम आणि लोकरीत. शहापूर-वडगावच्या हातमागावर विणलेली साडी, आईची इरकल, थंडीची शाल यांना डिटर्जंटमधला सोड्यासारखा क्षार बाधतो, कारण रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत. साडीचा आतला कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबा. रंग उतरला तर घरी धुवूच नका. नाही उतरला तर अर्धी बादली गार पाणी, त्यात दोन वाट्या रिठ्याचं पाणी, पाच-सात मिनिटं बुडवून हलकेच दाबा. पिळायचं नाही. दोन पाण्यांतून काढा, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि उलटी करून सावलीत पसरा. खऱ्या जरीची असेल तर मी हात लावत नाही.

रिठ्याचं पाणीही ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीच्या काठावर ओतू नका. सॅपोनिन माशांना मारतं, जुने लोक त्यानं मासे पकडायचे. आपल्या मोऱ्यांचं पाणी शेवटी वडगाव-शहापूरच्या भातशेतातून जाणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या ठिकाणीच पोचतं. तिथं 'हर्बल' म्हणून कुणाला सूट मिळत नाही. झाडांच्या मातीत थोडं ओतलं तर चालतं.

फरशी, आणि ते बायो-एन्झाइम

फरशीला रोज साधं पाणी. आठवड्यातून एकदा बादलीत अर्धी वाटी रिठ्याचं पाणी. बस्स. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे, पण पाहुण्यांना तो लागतो हे मला मान्य आहे. तेवढ्यासाठी कधीतरी गवती चहाचा काढा बादलीत घालते. शेणाचं सारवण आजोळी अजून होतं, धूळ बसवायला आणि अंगण थंड ठेवायला उत्तम. ते जंतुनाशक आहे असं कुणी सांगितलं तर मात्र मान हलवून पुढं जा. हाताला जखम असेल तर शेणात हात घालू नका.

बायो-एन्झाइम करायचं असेल तर १ भाग गूळ, ३ भाग संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या साली, १० भाग पाणी. प्लॅस्टिकच्या बरणीत चौथा हिस्सा रिकामा ठेवा आणि तीन महिने थांबा. पहिला महिना रोज झाकण सैल करून हवा सोडा. मी एकदा काचेच्या बरणीत केलं आणि चार दिवस माहेरी गेले. परत आले तेव्हा फडताळभर साली आणि काचा. गाळलेलं पाणी वाटीभर एका बादलीत पुरतं. नावात एन्झाइम असलं तरी त्याचं बरंचसं काम आंबटपणाच करतो. म्हणजे शहाबादीला हेही चालत नाही. टाइल्स आणि मोरीलाच वापरा.

बाटलीवर 'नॅचरल' लिहिलंय

ज्यांना घरी काही करायला वेळ नाही त्यांनी विकतचं घ्यायला हरकत नाही, पण कडुलिंबाचं पान छापलंय म्हणून घेऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असल्या दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं 'नैसर्गिक' किंवा 'इको-फ्रेंडली' लिहून भागत नाही, त्याला आधार द्यावा लागतो. तो बाटलीवर शोधा. सरकारची जुनी खूण आहे ती मडक्याची, १९९१ च्या इकोमार्क योजनेतली; २०२४ मध्ये त्या योजनेची जागा नव्या इकोमार्क नियमांनी घेतली. ती दिसली तर चांगलंच, पण शोधायला गेलात तर फार ठिकाणी सापडणार नाही.

ब्लीच का ठेवायचं

लिंबू, व्हिनेगर, रिठा, कडुलिंब यांतलं काहीही घरात जुलाब-उलट्या किंवा कावीळ असताना भरवशाचं नाही. नेहमीच्या दिवसांत साबण, गरम पाणी आणि ऊन पुरतं. घरात कुणी तसं आजारी असेल तेव्हा संडास, नळाची मूठ, दाराची कडी यांना ब्लीच लागतं. आधी साबणानं धुवा, कारण घाणीवर ब्लीच फुकट जातं. मग सुमारे ५ टक्के हायपोक्लोराइटचं २० मिलिलिटर ब्लीच एक लिटर गार पाण्यात घाला, फडक्यानं लावा, दहा मिनिटं ओलं राहू द्या आणि पाण्यानं पुसा. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले, लिंबूसत्त्वाची पुडी लांब. केलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. ब्लीचची बाटलीही जुनी झाली की तिची ताकद उतरते, म्हणून लहानच आणा, उघडल्याची तारीख मार्करनं वर लिहा आणि फडताळात उन्हापासून दूर, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवा.